भुताला पत्ता होता

सर्वपित्री अमावास्या जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर दरवर्षी तेच भांडण पेटतं. एकजण लिहितो की अथर्ववेदातले राक्षस म्हणजे जिवाणूच होते, आपल्या ऋषींना ते सूक्ष्मदर्शकाशिवाय कळले होते. दुसरा त्याच्यावर तुटून पडतो: या सगळ्या अडाणी लोकांच्या भीतीच्या कल्पना, त्यांचं कौतुक कसलं करता? तिसरा वाचणारा आहे. तो म्हणतो, राक्षस आणि असुर या हरलेल्या माणसांना जिंकणाऱ्यांनी दिलेल्या शिव्या आहेत, बाकी काही नाही. रात्री अकरापर्यंत हे चालतं, मग कुणीतरी खीर-वड्यांचा फोटो टाकतं आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

तिघांच्याही हातात थोडं थोडं खरं आहे. पण तिघंही एकच प्रश्न विचारतात, भूत म्हणजे नेमकं काय होतं? मला वाटतं, विचारायला हवं ते हे की जुन्या माणसांनी त्या भुताचं केलं काय? त्यांनी त्याला नाव दिलं. आईबाप दिले, भाऊबहीण दिली, राहायला रान दिलं, निघताना वाटखर्ची दिली आणि रीतसर लेखी हुकूम काढून घराबाहेर घातलं. घरात आलेल्या संकटाला असा स्वतःचा नाव-पत्ता असला की ते शेजारणीच्या नावावर चढवायची गरज कमी होते. भुताचा पत्ता जिथे पुसला गेला, तिथे माणसं मेली. माझं म्हणणं एवढंच आहे. ते पटणं सोपं नाही याची मला कल्पना आहे, कारण आपल्याला शाळेपासून नेमकं उलटं शिकवलेलं असतं: भुतं गेली आणि माणूस सुधारला.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक काशाची पाटी आहे. वीतभरसुद्धा उंच नाही. असीरियातली, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधली, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. सगळ्यात वर देवांची चिन्हं ओळीनं कोरली आहेत, त्याखाली जनावरांच्या तोंडांचे सात जण उभे. तिसऱ्या ओळीत खाटेवर आजारी माणूस हात वर करून पडला आहे आणि त्याच्या उशापायथ्याशी माशाचं कातडं पांघरलेले दोघे उभे आहेत. तळाशी नदी, नदीत नाव, नावेत गाढव आणि गाढवावर लमाश्तू. तिचं डोकं सिंहिणीचं, पाय शिकारी पक्ष्याचे, दोन्ही हातांत साप. एका स्तनाला कुत्र्याचं पिल्लू लागलंय, दुसऱ्याला डुकराचं. बाळंतिणी आणि तान्ही मुलं हे तिचं भक्ष्य. मंत्रांत ती दारात येऊन लाडीगोडीनं म्हणते, तुमची बाळं द्या, मी पाजते. गरोदर बाईच्या पोटाला तिनं सात वेळा हात लावला की गर्भ गेला. ही कुणी भटकी चेटकीण नाही, आकाशदेव अनूची सख्खी मुलगी आहे. बुद्धी वाईट निघाली म्हणून बापानंच तिला स्वर्गातून खाली ढकललं. तिची सात नावं मंत्रांतून ओळीनं घेतली जात. कुठल्याही नावानं आली तरी तीच, हे पक्कं करायला.

त्या पाटीवर नदीच्या काठाला काही वस्तू मांडल्या आहेत. त्या तिच्यासाठी आहेत. विधीच्या इष्टिकांमध्ये, म्हणजे मातीच्या लेखपाट्यांमध्ये, त्यांची यादी मिळते: फणी, चाती, तेलाची कुपी, वहाणा. तिची मातीची बाहुली करून आजाऱ्याजवळ ठेवायची, तिला खाऊ घालायचं, ठरलेले दिवस भरले की बाहुली बाहेर काढून वार करायचा आणि भिंतीच्या कोपऱ्यात पुरायची. किंवा नावेत बसवून, सामान देऊन पैलतीराला लावायची. मराठी बाईला ही फणी आणि ही तेलाची कुपी बघून काय आठवेल? मला पाठवणी आठवली. ओटी भरून, वाटेचं सामान बांधून, पुन्हा इकडे वळू नकोस असं सांगून केलेली पाठवणी. आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेपार नेत, तो याच घराण्यातला.

त्या पाटीच्या वरच्या कडेवरून एक तोंड डोकावतं आणि पाटी उलटी केली की त्याची पाठ दिसते. हा पझूझू. लूव्रमध्येच त्याची साधारण १५ सेंटिमीटरची काशाची मूर्ती आहे: चार पंख, विंचवाची नांगी, कुत्र्यासारखं तोंड, आणि डोक्यावर कडी, म्हणजे टांगता यावी म्हणून. तिच्यावर त्याचीच ओळख कोरलेली आहे, मी पझूझू, हानपाचा मुलगा, दुष्ट वाऱ्यांचा राजा. तोही भूतच, आणि चांगलाच भयानक. पण लमाश्तूला पळवून लावायला तोच लागतो, म्हणून त्याच्या मुंडक्याचे ताईत बायका गळ्यात घालत. चांगलं आणि वाईट अशा दोन फळ्या मांडून बसणाऱ्याला हा हिशेब लागणार नाही. गुंडाचा बंदोबस्त गुंडाकडून करून घेणाऱ्या गल्लीला तो लगेच कळेल.

आता अडाणीपणाच्या मुद्द्याकडे येते, कारण तो सगळ्यात ताकदीचा आहे आणि तो मी पूर्णपणे खोडू शकत नाही. ताईतानं धनुर्वात टळत नाही. गळ्यातल्या पझूझूच्या मुंडक्यानं एकही बाळ जगलं नसेल. उकळलेलं पाणी, स्वच्छ ब्लेड आणि लस यांनी जे केलं ते हजारो वर्षांच्या मंत्रांना जमलं नाही, आणि यावर ज्याला वाद घालायचा असेल त्यानं आधी एखाद्या प्रसूतिगृहात रात्र काढावी. पण अडाणीपणा म्हणून सगळं झटकून टाकलं की समोरचा पुरावाच दिसेनासा होतो. असीरियाशेजारच्या बाबिलोनियात रोग्याकडे दोन जाणकार येत: औषधपाल्यावाला असू आणि मंत्रविधीवाला आशिपू. दोघांची कामं बरीचशी एकमेकांत मिसळलेली. रोगनिदानाचा ४० इष्टिकांचा ग्रंथ होता, तो इ.स.पू. अकराव्या शतकात एका विद्वानानं नीट लावून ठेवला. आशिपू रोग्याच्या घराकडे निघाला की वाटेत काय दिसतं तिथपासून सुरुवात, मग डोक्यापासून पायापर्यंत एकेक लक्षण. त्यात 'भुताचा हात' हे निदान ज्या वहीत आहे, त्याच वहीत तापाचे चढउतार आहेत. भीतीनं गांगरलेला माणूस चाळीस इष्टिका लिहीत बसत नाही.

शिवाय जुन्या काळात सगळेच माना डोलावत होते असं कुणी सांगितलं? अपस्माराला 'पवित्र रोग' म्हणणाऱ्यांची हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यानं खिल्ली उडवली आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या निदानस्थानात सरळ लिहिलंय: 'नैव देवा न गन्धर्वा न पिशाचा न राक्षसाः', जो स्वतःच्या कर्मानं बिघडलेला नाही त्याला यांच्यापैकी कुणीही त्रास देत नाही. आणि मौज अशी की (मौज म्हणायला जीभ रेटत नाही) त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात वेड्या रोग्याला चाबकानं मारून, बांधून, एकान्तात कोंडण्याचा उपायही सांगितलेला आहे. म्हणजे पिशाच्च नाकारणाऱ्या ग्रंथातला चाबूक माणसाच्या पाठीवर पडला आणि पिशाच्च मानणाऱ्या आशिपूची सुरी मातीच्या बाहुलीवर. यावरून मला नियम काढायचा नाही. फक्त, भूत मानलं की क्रौर्य आणि भूत नाकारलं की दया, असा सरळ भागाकार होत नाही एवढं इथेच नोंदवून ठेवते.

माझ्या पहिल्या बाळंतपणात पाचवीच्या दिवशी आजीनं माझ्या उशाखाली विळा ठेवला. पाटावर सटवाईची पूजा मांडली, शेजारी कोरा कागद आणि पेन, कारण त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिते. मी नुकती शहरात नोकरीला लागलेली, फार शहाणी. म्हटलं, "आजी, हे काय गं, मी मानत नाही असलं काही." ती म्हणाली, "तू नको मानूस, बये. विळा राहू दे. त्याला काय खायला लागतंय?" मग रात्रभर ती आणि माझी मावशी दिवा जपत, गप्पा मारत बाळाशेजारी बसल्या. मी झोपले. विळ्यानं काय केलं ते मला माहीत नाही. पण त्या विळ्याच्या निमित्तानं दोन अनुभवी बायका पाच दिवसांच्या बाळाच्या श्वासाकडे रात्रभर लक्ष ठेवून होत्या, हे मी नंतर कधीतरी लक्षात घेतलं.

जिवाणूवाल्यांना आधी त्यांचं श्रेय देते. अथर्ववेदाच्या दुसऱ्या कांडात क्रिमींना चिरडताना 'दृष्टमदृष्टम्' असा शब्द येतो, दिसणारा आणि न दिसणारा. तक्मन् म्हणजे ताप, आणि पहिल्या कांडातल्या सूक्तात त्याला नमस्कार करताना थंडीचा तक्मन्, दाहाचा तक्मन्, दुसऱ्या दिवशी येणारा, तिसऱ्या दिवशी येणारा असा वेगवेगळा ओळखला आहे. हिवतापाच्या माणसापाशी बसलेल्या कुणालाही हे वर्णन अचूक वाटेल. निरीक्षण पक्कं होतं. पण मग दुसऱ्या कांडातल्या त्या क्रिमींच्या सूक्ताला लागून असलेलं पुढचं सूक्त वाचा ना. तिथला क्रिमी चार डोळ्यांचा आणि नाना रंगांचा आहे. क्रिमींचा राजा मारला, त्यांचा कारभारी मारला, आई मारली, भाऊ मारला, बहीण मारली. कुठल्या जिवाणूला बहीण असते? पाचव्या कांडात तर तक्मन्‌ला सांगितलंय की तुझा भाऊ बलास, बहीण कासिका आणि पुतण्या पामन् यांना घेऊन परक्या मुलखात जा. कासिका म्हणजे खोकला, पामन् म्हणजे खरूज. अख्खं बिऱ्हाड आहे हे! त्यात जिवाणू शोधणं म्हणजे पणजोबांना आपल्या बारावीच्या जीवशास्त्राला बसवून, आपणच पेपर लिहून, आपणच पास करणं. त्यांची स्वतःची हुशारी यात बाजूलाच राहते. ती अशी की ज्या त्रासाला नातेवाईक आहेत त्याच्याशी बोलता येतं, आणि ज्याच्याशी बोलता येतं त्याला जा म्हणता येतं.

त्याला पाठवायचं कुठे, याचंही उत्तर तयार होतं. तापानं फणफणलेल्या माणसाच्या खाटेखाली निळ्या आणि तांबड्या दोऱ्यांनी बांधलेला बेडूक ठेवायचा आणि रोग्यावर पाणी घालायचं, असा विधी कौशिकसूत्रात आहे. अथर्ववेदातला त्यासोबतचा मंत्र तक्मन्‌ला बेडकाकडे जायला सांगतो. अंगातली आग ओल्या, गार प्राण्यात उतरवायची. बिचाऱ्या बेडकाबद्दल वाईट वाटतं. पण खाटेखाली बेडूकच होता, कुणाची सून नव्हती.

इथे माझ्या तिसऱ्या नातेवाइकाला बोलायचं आहे, आणि त्याला बोलू द्यायला हवं. कारण पाचव्या कांडातलं ते तक्मन्-सूक्त पुढे तापाला गांधारांकडे, मूजवतांकडे, अंगांकडे आणि मगधांकडे धाडतं. एका ऋचेत तर सरळ म्हणतं, शूद्र स्त्रीला गाठ आणि तिला हलवून काढ. हा बेडूक नव्हे, ही बाई आहे. भुताच्या पाठवणीच्या वाटेवर त्या काळचा जातीचा आणि मुलखाचा नकाशा पसरलेला आहे, हे नाकारणं अप्रामाणिकपणा होईल. बाहेरही हेच दिसतं. आपले देव इराणी परंपरेत दएव म्हणजे दुष्ट शक्ती झाले. इराणमधल्या पर्सेपोलिसच्या शिलालेखात सम्राट झर्क्सीस या दएवांचं पूजास्थान उद्ध्वस्त केल्याचं अभिमानानं सांगतो. ग्रीकांचा डायमोन हा बरा-वाईट कसाही असू शकणारा मधला जीव होता. सॉक्रेटिसला आतून अडवणारा आवाजही त्याच कुळातला. पण हिब्रू स्तोत्रांच्या ग्रीक भाषांतरात परक्यांचे सगळे देव 'डायमोनिया' ठरले आणि पुढे ख्रिस्ती जगात त्या शब्दाला शिंगं फुटली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीराजाची गोष्ट हरलेल्यांच्या बाजूनं वाचून दाखवली. आजही 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणारी बाई एका असुराचं राज्य मागते आहे. एवढा पुरावा असताना या मुद्द्यावर हसणाऱ्याचीच कीव करावी.

तरी तो पुरा पडत नाही. लमाश्तू कुठल्या हरलेल्या टोळीची? ती तर त्या लोकांच्या सर्वात थोर देवाची लेक आहे. खोकल्याची जात कुठली? शिवी म्हणून सुरू झालेली भुतं आहेत आणि दुखणं म्हणून सुरू झालेली भुतंही आहेत. दोन्हींना एकाच खुंटीला टांगलं की दुसऱ्या प्रकाराचं काहीच कळत नाही. आणि काही तर दोन्हींत बसत नाहीत. महाभारताच्या सभापर्वातली जरा घ्या. मगधाच्या राजाला दोन राण्यांपासून अर्धं अर्धं असं बाळ झालं, ते चव्हाट्यावर टाकलं, आणि मांस खाणाऱ्या जरा राक्षसीनं ते दोन तुकडे सहज एकत्र धरले तर बाळ रडायला लागलं. हाच जरासंध. ती राजाला सांगते की मी घराघरांत राहणारी राक्षसी, माझं नाव गृहदेवी, जो मला लेकरांसह भिंतीवर काढेल त्याच्या घराची भरभराट होईल. आता आपल्या आईच्या देवघराशेजारची भिंत आठवा. श्रावणात आणलेला जिवतीचा कागद, वर नरसिंह, कालियामर्दन, खाली बुध-बृहस्पती, आणि मधे लेकरांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका. आघाड्याची आणि दूर्वांची माळ, कापसाचं वस्त्र, शुक्रवारी पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळणं. माझ्या लहानपणी तो कागद दर श्रावणात नवा यायचा आणि जुन्याच्या खळीचे डाग भिंतीवर चौकोनी उरायचे. त्या चौकोनात पोरांना खाणारी पोरांना राखायला बसवली होती. पझूझूला हे लगेच समजलं असतं.

पण या सगळ्यावर एक आक्षेप आहे ज्यानं मला खरोखर थांबवलं. तो असा: भूत मान्य केलं की ते घालणारी मान्य करावीच लागते. करणी म्हटलं की करणारी आलीच. तुम्ही ज्या मातीच्या बाहुल्यांचं कौतुक करता, त्यांच्याच शेजारी डाकिणीची सरणं पेटली, त्याचं काय? याला माझ्याकडे सोयीचं उत्तर नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे याच असीरिया-बाबिलोनियाच्या मुलखात, 'मक्लू' म्हणजे 'जाळणं' या नावाची मंत्रांची मालाच होती, आठ इष्टिका मंत्रांच्या आणि वर एक विधीची. ती सगळी चेटूक करणाऱ्यांविरुद्ध, आणि त्यात चेटकीण बहुतेकदा स्त्रीलिंगी. आपले वेद यातुधानांना, म्हणजे चेटूक करणाऱ्यांना, जाळा, बडवा, उघडं पाडा म्हणून अग्नीला विनवतात. म्हणजे माणसावर बोट दाखवण्याची चटक भुताइतकीच जुनी आहे.

तरीही जरा बारकाईनं बघू. मक्लूत रात्रभर जे जळतं ते मेणाच्या, चरबीच्या, पिठाच्या बाहुल्या. राग बाहुलीवर निघतो आणि पहाटे विधी संपतो. गावातल्या कुठल्या बाईकडे बोट दाखवायचं, हे ते मंत्र सांगत नाहीत. तशी बोटं दाखवली जात होती हे बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या शिळेवरून कळतं. इ.स.पू. अठराव्या शतकातली ही शिळा, आणि तिच्यावरचं दुसरंच कलम चेटकाच्या आरोपाचं आहे. आरोप सिद्ध करता आला नाही तर आरोपीनं नदीत उडी घ्यायची. नदीनं त्याला ओढलं तर आरोप करणाऱ्याला त्याचं घर मिळतं. वाचला तर आरोप करणाऱ्याला मरणाची शिक्षा, आणि त्याचं घर आरोपीला. नदीनं न्याय करणं अमानुष होतं यात वाद नाही. पण आरोप फुकट नव्हता. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात खुद्द वसिष्ठांच्या तोंडी याहून बोलकी ऋचा आहे: 'अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि', मी यातुधान असेन तर आजच मरेन, आणि जो मला खोटंच यातुधान म्हणाला त्याचे दहा पुत्र जावोत. ऋषीवरसुद्धा हा आळ आला होता! ही ऋचा वाचली की कळतं, यातुधानाच्या भीतीइतकीच यातुधान ठरवलं जाण्याची भीती तेव्हाही होती.

यापेक्षा स्पष्ट पुरावा इराकमधल्या निप्पूर या जुन्या शहराच्या मातीतून निघाला. १८८८-८९ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी तिथे खोदकाम केलं, तेव्हा घरांच्या जमिनीखाली पालथे घातलेले मातीचे वाडगे सापडले. साधारण इ.स. पाचव्या ते आठव्या शतकातले, ज्यू, मांडियन, सिरियाक अशा वेगवेगळ्या लोकांचे. पुढे इराकमध्ये असे दोन हजारांहून जास्त मिळाले. आतल्या बाजूला शाईनं अॅरेमाइकमध्ये गोल गोल फिरत लिहिलेला मजकूर, मधोमध कधी साखळदंडात जखडलेल्या भुताचं चित्र. आणि मजकूर काय असावा? काही वाडग्यांवर चक्क घटस्फोटाचा कागद आहे. लिलिथ नावाच्या भुतिणीला, घरमालकाचं नाव त्याच्या आईच्या नावानिशी घालून, रब्बी यहोशुआ बार परहिया यांचा दाखला देऊन कळवलंय की भुतं आपल्या बायकांना काडीमोड देतात तसा तुला दिला, हा घे कागद, आता या घरात तुझा हक्क नाही. ज्यू कायद्यात नवरा बायकोला देतो त्याच दस्ताची ही भाषा. उंबऱ्याखाली पालथा वाडगा पुरला की नोटीस बजावली.

आणि आता युरोप. चेटकिणींची जाळपोळ मध्ययुगाच्या अंधारात झाली असं आपण गृहीत धरतो. इ.स. ९०६ च्या सुमारास रेगिनो नावाच्या जर्मन मठाधिपतीनं नोंदलेल्या चर्चच्या नियमात उलट असं आहे की रात्री उडत जातो असं मानणाऱ्या बायकांना भ्रम झालेला असतो. खरी शिकार पेटली ती छापखाना आल्यावर. १४८६-८७ च्या सुमारास चेटकीण कशी ओळखावी आणि तिच्यावर खटला कसा चालवावा याचं पुस्तक छापून निघालं, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत ही लाट शिगेला पोचली. साधारण ४० ते ६० हजार माणसं मारली गेली, बहुतेक बायका. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणाऱ्या योहानेस केप्लरच्या आईवर १६१५ मध्ये चेटकाचा आळ आला. ती सत्तरी ओलांडलेली बाई चौदा महिने तुरुंगात साखळीला होती आणि केप्लरला आपलं काम सोडून तिचा बचाव लढवावा लागला. ती १६२१ मध्ये सुटली. तिसरा नियम त्यानं १६१९ मध्येच छापला होता. आकाशाचं गणित सुटलेल्या शतकात गल्लीतल्या म्हातारीला साखळी पडली. मग अज्ञान कमी झालं की हे आपोआप थांबतं, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

त्या शतकात बदललं होतं ते भुताचं बिऱ्हाड. लमाश्तूला बाप होता, लिलिथला नवरा होता, तक्मन्‌ला भावंडं होती. त्यांना स्वतःची भूक होती म्हणून ती येत, आणि येताना कुणी माणूस लागत नसे. युरोपातल्या सैतानाला यातलं काही नाही. तो एकटा आणि सगळीकडे, म्हणून त्याला कामाला हस्तक लागतात. निप्पूरमध्ये कागद व्हायचा तो घरमालक आणि भुतीण यांच्यात, तिला घालवण्यासाठी. युरोपातल्या खटल्यांत कागद होता तो शेजारीण आणि सैतान यांच्यात, आणि तो शोधायला तिचे हाल केले जात. सही करणारा पक्ष बदलला आणि बाहुलीच्या जागी बाई आली.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी जमावानं पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी फिरत आलेले. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असा निरोप आधीपासून मोबाइलवर फिरत होता. मुलं पळवणारी. लमाश्तूचं काम जसंच्या तसं, फक्त सिंहिणीचं डोकं नाही, गाढव नाही, होडी नाही, सात नावंही नाहीत. त्या जमावातल्या कुणालाही विचारलं असतं तर भूत-बित आम्ही मानत नाही असंच तो म्हणाला असता, आणि खरंच म्हणाला असता. भीती तीच होती, हजारो वर्षांची. ती जिच्यावर काढायची ती मातीची बाहुली मात्र कुणाकडे नव्हती.

म्हणून आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मला त्याच्या समर्थकांना आणि विरोधकांना वाटतो त्याहून शहाणा वाटतो. ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, मग अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा केला. विरोधक ओरडत होते की आमच्या श्रद्धेवर बंदी येणार. काही समर्थकांनाही मनातून तेच हवं होतं. पण अनुसूची उघडून वाचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडानं बांधणं, काठीनं-चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, एखाद्याला करणी करणारा किंवा सैतान ठरवून त्याचं जगणं मुश्कील करणं, हे गुन्हे आहेत. पाचवीचा विळा त्यात नाही, जिवतीचा कागद नाही. कायद्यानं रेघ ओढली ती माणसाच्या अंगाभोवती. सातपुड्यातल्या पाड्यांवर डाकीण ठरवून घराबाहेर काढलेल्या बाईला भूत असतं की नसतं यावरचं व्याख्यान नको असतं. तिचं नाव त्या वाक्यातून काढायला हवं असतं. अशा किती आरोपांच्या मुळाशी विधवेच्या नावावरचा जमिनीचा तुकडा असतो, हे तिथे काम करणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

पझूझूचे ताईत पुन्हा विकायला ठेवा असं मी म्हणत नाही. माझ्या मुलीला वेळेवर सगळ्या लसी दिल्या, तिच्या गळ्यात काळा दोरा कधी बांधला नाही. बाराव्या दिवशी आजीनं माझ्या उशाखालचा विळा काढला, अंगठ्यानं धार बघितली, "बोथट झाला मेला" म्हणाली आणि म्हशीला घास कापायला गड्याच्या हातात देऊन टाकला.